मदत हवी आहे: वाढदिवसाचा केक नको, पण देणगीदार हवेत

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आमचं एक लहानसं हंगामी वसतिगृह आहे. मी पुण्यात राहते. पावत्या, फोन, देणगीदारांशी बोलणं हे सगळं इथून सांभाळते, बिनपगारी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की ज्यांच्या मागे घरी बघणारं कुणी नाही अशी मुलं आमच्याकडे राहतात आणि गावच्याच शाळेत जातात. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आईबाप परतले, की मुलं घरी. आमच्याकडे नसतील तर ती उसाच्या फडावर जातात, कोपीत (तिथल्या तात्पुरत्या झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळत बसतात आणि शाळेचं अर्धं वर्ष बुडतं.

आमचे बहुतेक देणगीदार वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मृतिदिनाला एक दिवसाचं जेवण देतात. भावना चांगली असते, त्याबद्दल शंका नाही. गाडी येते, केक येतो, मुलं रांगेत बसून प्रार्थना म्हणतात, 'मोठेपणी कोण होणार' हे विचारून होतं, फोटो निघतात आणि ऊन उतरायच्या आत गाडी परत. मुलांचा रविवार संपलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत तर एकामागून एक पाहुणे. स्वयंपाकाच्या मावशी परवा म्हणाल्या, "पोरांचं धुणं राहतंय ओ ताई, पाव्हणं म्हणलं की त्वांड वाकडं करत्यात." बरं, एवढं करून नातं जमतं म्हणावं तर तेही नाही. पुढच्या वर्षी तेच कुटुंब दुसऱ्या संस्थेत केक कापताना दिसतं.

दुसरी अडचण पैसे येण्याच्या वेळेची. ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, पावतीसाठी लोक मार्चमध्ये जागे होतात, तेव्हा आमचं वसतिगृह रिकामं होत आलेलं असतं. किराणा भरायचा असतो ऑक्टोबरात.

तर विचारायचं हे, की मुलांना प्रदर्शनात न मांडता देणगीदाराला हे काम आपलं वाटावं, यासाठी तुमच्या संस्थांत काय करता? भेटी बंद केल्या तर लोक तुटतील, अशी विश्वस्तांना भीती आहे. "बघितल्याशिवाय कोण देतंय?" हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं वगैरे मात्र सुचवू नका, त्यावर पैसा घालायचा नाही हे ठरलंय.

प्रतिसाद १

भेटी कशाला बंद करताय, वेळ बदला की. सप्टेंबरात बोलवा. मुलं आलेली नसतात, आणि मुख्य म्हणजे आईबाप गावातच असतात. सकाळी खोल्यांना रंग, खाटांची दुरुस्ती, पुस्तकांना कव्हरं, जे जमेल ते. जेवणानंतर एखाद्या जोडप्याला बोलतं करा. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) किती घेतली, ती कशी फिटते, मजुरांची टोळी जमवणारा मुकादम हिशोब कसा धरतो, एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, दिवसाला किती टन ऊस तुटतो. शहरातल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. मुलाच्या तोंडून कविता ऐकण्यापेक्षा हे ऐकून माणूस जास्त हलतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत बाबा आमट्यांनी तरुणांना बघायला नव्हे, राबायला बोलावलं. त्या छावण्यांना गेलेले माझ्या ओळखीचे काही जण आज साठीला आलेत, अजून आनंदवनाशी नातं टिकवून आहेत.

प्रतिसाद २

मी देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून जरा परखड लिहितो. मला 'अनुभव' वगैरे काही नको असतो. पैसे दिल्यावर पुन्हा पैसे मागायलाच फोन येतो, ते मात्र नको वाटतं. एका संस्थेच्या अधीक्षकांचा दर हंगामात एकदा फोन येतो. मागणी काही नाही. यंदा ज्वारी महाग पडली, दोन मुली मध्येच शाळा सोडून गेल्या, एकीला परत आणता आलं, असं बरंवाईट दोन्ही सांगतात. गुळगुळीत अहवालात वाईट बातमी कधीच नसते, म्हणून मी तो वाचतही नाही. त्या माणसाला मात्र मी नाही म्हणू शकत नाही.

आणि मुलांकडून आभारपत्रं लिहून घेत असाल तर कृपया थांबवा. सगळ्या पत्रांत तेच वाक्य, खाली तेच फूल.

प्रतिसाद ३

हिशोबाच्या बाजूने थोडं. ८०जीची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. पगारदार मंडळी तिकडे वळली की निव्वळ करासाठी देणारे गळणार, हे धरून चाला. म्हणजे मार्चवरची भिस्त कमी करावीच लागेल. जेवणाच्या तारखेऐवजी 'ऑक्टोबरचा किराणा' असं काही ठेवा आणि वाण्याच्या बिलाची प्रत देणगीदाराला पाठवा. पाच रुपयांचाही खर्च नाही. रोख २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला सवलत नाही, तेही आधीच सांगून टाका, नंतर वाद होतात.

परदेशातून कुणी द्यायला तयार असेल तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे पैसे 'विदेशी योगदान' ठरतात, त्याला एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते.

प्रतिसाद ४

फोटोंबद्दल कुणी बोललं नाही. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचा फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. तुमचं वसतिगृह त्या व्याख्येत बसो न बसो, नियम तोच ठेवा आणि दारावर पाटी लावा. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा 'कायदा आहे हो' म्हणणं सोपं जातं, स्वानुभव आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सप्टेंबरची कल्पना विश्वस्तांपुढे ठेवते, आईबाप तेव्हा गावात असतात हा मुद्दा त्यांनाही पटेल. फक्त त्या जोडप्याचा त्या दिवसाचा रोज बुडणार, तो आपण द्यायचा, असं माझं मत. फोन मात्र मी करण्यापेक्षा मावशींनीच करावेत असं वाटतंय, त्या माझ्याहून कितीतरी बरं बोलतात.

आता एक राहिलंच. एक मोठे देणगीदार दर जानेवारीत नातवाचा वाढदिवस आमच्याकडे करतात, बँडसकट. वर्षाच्या धान्याचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो. त्यांना हे कसं सांगावं? कुणी असं बोलणं निभावून नेलंय का?