कर्जाच्या करारात ‘फक्त अमुक कोर्टात’ असं कलम आहे, पण सहीच माझी नसेल तर?

कागदवाचक:
कर्जाच्या कागदांत शेवटच्या पानांवर एक वाक्य हमखास असतं: ‘या करारातून उद्भवणारा कोणताही वाद केवळ अमुक शहरातील न्यायालयातच चालेल.’ आपण ते न वाचता सही करतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्यानं सहीच केली नाही, त्याला हे वाक्य बांधतं का?

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१५ साली नेमकं हेच आलं. एक माणूस व्हिएतनाममध्ये नोकरीला होता. मनिलातली त्याची मालमत्ता गहाणापोटी गेल्याचं त्याला मागाहून कळलं. गहाणखत आणि वचनचिठ्ठीवरची सही बनावट आहे, असं म्हणत त्यानं मनिलात दावा लावला. कर्ज देणारी वित्तसंस्था म्हणाली, करारात फक्त मकाती शहरातलं कोर्ट लिहिलंय, दावा फेटाळा. अपील न्यायालयानं तिचं ऐकलं, पण सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. जो करार अस्तित्वातच नाही असं म्हणतोय, त्याला त्याच कराराचं कलम पाळायला लावणं विसंगत आहे, हा त्याचा गाभा. मला हे पूर्ण पटतं.

वसुलीतला माणूस:
असहमत. मी कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. कागदपत्रं, खातेवही, साक्षीदार सगळं एका जागी असतं. कर्जदार शंभर गावचे. प्रत्येकाच्या गावी वकील द्यायचा तर तो खर्च शेवटी व्याजदरातच चढतो आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्यांना भुर्दंड पडतो. शिवाय मकाती आणि मनिला शेजारी-शेजारी आहेत. यात त्या माणसावर कसला अन्याय झाला असता? दावा ऐकून घेणारं कोर्ट होतंच की! उद्या प्रत्येक थकबाकीदार ‘सही माझी नाही’ एवढंच लिहील आणि कलम निकालात निघेल.

कागदवाचक:
अंतर कमी होतं हे खरंच, म्हणूनच तो निकाल मला मोलाचा वाटतो. तिथं प्रवासखर्चाचा मुद्दा नव्हताच, निव्वळ तत्त्वाचा होता. तुम्ही ज्याला थकबाकीदार म्हणता, तो कर्जदार आहे की नाही हेच अजून ठरायचंय.

दिवाणीवाली:
थोडा कायदा सांगते. फिलिपिन्समध्ये कलमात ‘केवळ’, ‘अन्यत्र नाही’ असे शब्द नसतील तर ते बाकीची कोर्टं वगळणारं धरत नाहीत, एक जादा पर्याय धरतात. १९९७ चा निकाल आहे. आपल्याकडे बरोबर उलटं. ‘स्वस्तिक गॅसेस’ प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ‘केवळ’ शब्द नसला तरी एका जागेचं नाव लिहिल्यानं बाकीच्या जागा वगळल्या जाऊ शकतात. म्हणजे आपला कर्जदार जास्त अडकतो.

पण आपल्याकडे एक भिंतही आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार गहाण सोडवण्याचा किंवा गहाणाच्या विक्रीचा दावा मालमत्ता जिथं आहे तिथंच लावावा लागतो. मुळात ज्या कोर्टाला अधिकारक्षेत्रच नाही, त्याला ते दोन पक्षांच्या संमतीनं बहाल करता येत नाही. त्यामुळे नुसत्या कर्जवसुलीचा दावा आणि गहाणाचा दावा यांत गल्लत करू नका. इथले बरेच वाद त्या गल्लतीतून होतात.

वसुलीतला माणूस:
मग लवादाचं काय? तिथं लवादाचं कलम मूळ करारापासून स्वतंत्र मानतात. करार रद्दबातल ठरला तरी ते कलम जगतं. कोर्टाच्या जागेचं कलम का जगू नये?

दिवाणीवाली:
प्रश्न रास्त आहे. पण कलम स्वतंत्र मानलं तरी त्यालाही संमती लागतेच. इंग्लंडचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००७ साली ‘फिओना ट्रस्ट’ खटल्यात हा फरक केला. लाच देऊन करार करवून घेतला, एवढ्यानं लवादाचं कलम पडत नाही. पण सहीच बनावट असेल, तर तो घाव कराराइतकाच त्या कलमावरही बसतो.

कागदवाचक:
हेच मला म्हणायचं होतं, फक्त नीट शब्दांत मांडता आलं नव्हतं. फसवणूक, दडपण, जादा व्याज अशा तक्रारीत सही तरी खरी असते. तिथं कलम लागू करा, माझं काही म्हणणं नाही.

वसुलीतला माणूस:
एवढं मान्य केलंत तर मीही एक पाऊल मागे येतो. सही नाकारणाऱ्यानं ती शपथेवर नाकारावी आणि त्या काळात आपण कुठं होतो याचे कागद दाव्यासोबतच जोडावेत. पारपत्रावरचे शिक्के, हजेरीपट, काहीही. तेवढं असेल तर माझ्याकडूनही जागेचा आक्षेप नको. नुसत्या एका ओळीवर मात्र कलम सोडायला मी तयार नाही.

कागदवाचक:
शपथपत्राचं ठीक. कागदांची अट दाव्याच्या दारातच घालू नका. घरी बसलेल्या गृहिणीची सही कुणी मारली, तर ती कुठला हजेरीपट आणणार?