जिप्सीला १६ वॉल्वचं हेड, की आहे त्याच हेडवर कंप्रेशन वाढवू?

जांबोटी_चिखल्या:
लष्कराच्या लिलावातली जिप्सी किंग, मारुतीची फोर व्हील गाडी, आहे माझी. १३०० सीसी, ८ वॉल्व, कार्ब्युरेटर. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) गेलं म्हणून हेड उतरवलंय, आता उघडलंच आहे तर काहीतरी करूनच बंद करावं म्हणतोय. एक, नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) जिप्सीचं १६ वॉल्व हेड शोधायचं. दुसरं, हेच हेड फेसिंग मारून (तळ खरवडून) कंप्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९ वरून १० किंवा साडेदहाला न्यायचं. रोज बेळगावात फिरते, रविवारी जांबोटी-कणकुंबीकडं चिखलात, महिन्यातून एकदा चोर्ल्यातून गोवा. चढाला दम राहत नाही, विशेषतः गेल्या वर्षी २३५/७५ टायर टाकल्यापासून. मिस्त्री म्हणतोय, "मिलीमीटरभर हाणू या, गाडी उडंल." हाणू काय?

उद्यमबाग_लेथ:
नको. आधी हेड बघ, कंप्रेशन शेवटी. ८ वॉल्वचं हे इंजिन ६० बीएचपीचं, १६ वॉल्व एमपीएफआयचं ८०. बोअर-स्ट्रोक तोच, ७४ बाय ७५.५. फरक पडला तो हवा आत यायच्या वाटेनं आणि इंजेक्शननं. नुसतं दाबून एवढी ताकद येत असती तर कंपनीनं दुप्पट वॉल्व कशाला घातले असते?

खानापूर_४x४:
दादा, ते ८० बीएचपी ६००० आरपीएमला येतात हेही लिहा की. कणकुंबीच्या पावसात, लो गिअरमध्ये, चाक अर्धं चिखलात, तेव्हा इंजिन असतंय दोन-अडीच हजारावर. तिथं मोठ्या वाटांमधून हवा रेंगाळत जाते, लहान वाटेतून जोरात घुसते. माझी ८ वॉल्व आहे आणि पोरांच्या १६ वॉल्ववाल्या मी दोरी लावून ओढल्यात. शिवाय १६ वॉल्व म्हणजे नुसतं हेड नव्हे. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकीत पंप, पिस्टन जुळतो का, पाण्या-ऑइलच्या वाटा जुळतात का, सगळं आलं. चिखल्या, तुला खालचा दम पाहिजे. कंप्रेशन वाढवलं की तो प्रत्येक आरपीएमला मिळतो.

उद्यमबाग_लेथ:
मिळतो, खरं किती? पुस्तकातल्या सूत्रानं ९ ला कार्यक्षमता ५८.५ टक्के, १० ला ६०.२. म्हणजे आहे त्या ताकदीत ३ टक्क्यांची भर. ६० चे ६२ होतील, तेही कागदावर. पुढच्या पॉइंटला त्याहून कमी.

आता मिस्त्रीचा मिलीमीटर बघू. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन खालून वर येताना झाडतो ती जागा, ३२४.७ सीसी. कंप्रेशन ९ असेल तर पिस्टन वर असताना मोकळी जागा ४०.६ सीसी, १० पाहिजे तर ३६.१. म्हणजे साडेचार सीसी काढायचेत. चेंबरचं, म्हणजे हेडमधल्या खोलगट जागेचं, तोंड अख्ख्या बोअरएवढं धरलं तरी एक मिमी फेसिंगला ४.३ सीसी जातात. प्रत्यक्षात तोंड लहान असतंय, म्हणजे दीड मिमीही खरवडावं लागेल. अॅल्युमिनियमच्या हेडवर मी ते करून देणार नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. हेड वाकलंय तेवढंच सरळ करायचं. कंप्रेशन पाहिजे तर पिस्टन बदला.

निपाणी_कार्बवाला:
उद्यमबाग काका बरोबर बोलतात, माझीच गोष्ट सांगतो. एका ठिकाणी हेड दिलं, ०.८ मिमी खाल्लं त्यांनी. विचारलं नाही, सांगितलं नाही. गाडी चालू केली तर खालून मेलेली, वर थोडी जिवंत. महिनाभर कार्बचे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) बदलत बसलो. शेवटी कळलं, हेड खाली आलं म्हणजे कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ आला, बेल्टचा टेन्शनर ढील खाऊन घेतो आणि कॅम टायमिंग मागं पडतं. पुली फिरवून ते जागेवर आणलं तेव्हा गाडी शुद्धीवर आली. कोण सांगत नाही हे.

तरीपण मी १० च्या बाजूनंच आहे, पिस्टन घालून. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं म्हणा की. इथेनॉलचं ऑक्टेन १०० च्या वर आणि ते हवेला गारही करतं. एवढं आयतं मिळालंय तर ९ वर कशाला बसायचं? कार्बचा जेट मात्र वाढवा, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टनला भोक पडेल.

साखळी_येजा:
तुम्ही सगळे वर बसून बोलताय. बेळगाव साडेसातशे मीटरवर. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ९ टक्के कमी, सिलिंडर तेवढा कमी भरतो, म्हणून साडेदहाचं इंजिनसुद्धा घरी शहाण्यासारखं वागतं. चोर्ला उतरून साखळीला या. हवा दाट, एप्रिलची दुपार, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. तोच नॉक, मिश्रण अवेळी आपोआप पेटतं तो. मी तो ऐकलाय, ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, मग जेवढं कमावलं तेवढं तिथंच गेलं. ज्याची गाडी दर महिन्याला घाट उतरते त्यानं कंप्रेशन खालच्या हवेला बघून ठरवावं, घरच्या नव्हे.

खानापूर_४x४:
म्हणून मी कॅमचं विचारणार होतो. लांब ड्युरेशनचा, म्हणजे वॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅम असला की इनटेक वॉल्व उशिरा मिटतो, थोडी हवा परत ढकलली जाते, खरा दाब पडतो. तिथं साडेदहा खपून जातं. चिखल्याचा कॅम कंपनीचाच. मग दहाच्या वर जायचं कारण नाही, हे मान्य. खरं १६ वॉल्व नकोच.

उद्यमबाग_लेथ:
त्या कॅमनं खालचा दम गेला तर मग तुमचा चिखल कुठं राहिला, खानापूरकर?

मच्छे_गिअरवाली:
दादा लोक, हेड-हेड चाललंय, टायर कुणी वाचलंच नाही. जिप्सीचा मूळ टायर २०५/७०, उंची साधारण ६६८ मिमी. २३५/७५ म्हणजे ७३३. गिअरिंग जवळजवळ १० टक्के उंच झालं, चाकावरचा जोर तेवढाच घटला. वर कंप्रेशनच्या ३ टक्क्यांसाठी एवढा गोंधळ! क्राऊन-पिनियन (एक्सलमधली शेवटची गिअरजोडी) खालच्या रेशोचं घाला, पुढचं आणि मागचं दोन्ही, नाहीतर फोर व्हीलमध्ये एकमेकांना ओढतील. हेड फक्त दुरुस्त करून बसवा.

खानापूर_४x४:
ताई, हे मी सांगायला पाहिजे होतं. गप्प बसतो.

उद्यमबाग_लेथ:
गिअरचं पटलं. १६ वॉल्वचा हट्ट मी सोडत नाही, खरं ते इंजिन अख्खं मिळालं तरच, आणि आरसीवर इंजिन नंबर चढवून घेणार असलास तर. आधी एक कर. हेड टेबलावर उलटं ठेव, प्लग बसव, वॉल्वच्या सीटला ग्रीस, वरून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी. मेडिकलमधनं २० मिलीची सिरिंज आण आणि रंगवलेलं रॉकेल भरून प्रत्येक चेंबर मोज. कंप्रेशन ९ आहे हे तुला कुणी सांगितलं?

जांबोटी_चिखल्या:
काका, काल रात्री मोजलं. रॉकेल मिळालं नाही, डिझेल वापरलं. बायको विचारतीये स्वयंपाकघरात पंपाचा वास कसा. तीन चेंबर सारखी आहेत, चौथ्यात दीड सीसी जास्त. दोनदा मोजलं, तेवढंच.

उद्यमबाग_लेथ:
चौथ्याचा एक्झॉस्ट वॉल्व बघ. सीट खोल गेलेली दिसेल, आधी कुणीतरी घासघास घासलीये. बाकी तीन ९ ला असतील तर तो सिलिंडर ८.७ वर चाललाय. फेसिंगचं सोड, नवी सीट बसवून घे. शनिवारी हेड घेऊन ये, गॅस्केटचा जुना तुकडा पण आण, जाडी बघू.

जांबोटी_चिखल्या:
येतो. मच्छेच्या ताई, क्राऊन-पिनियन कुठं बघू?