लेप कशाचा आहे, हेही पाहावे लागेल

नीमलेपित युरिया असताना वेगळ्या लेपित खतांची, म्हणजे दाण्यावर कवच चढवून नत्र (नायट्रोजन) हळूहळू सोडणाऱ्या खतांची, गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. २०१५ पासून आपल्याकडील अनुदानित युरिया सरसकट नीमलेपित केला गेला हे खरे. परंतु निंबोळी तेलाचा तो पातळ थर दाण्याला पाण्यापासून वाचवत नाही. ओल्या जमिनीत दाणा लगेच विरघळतो, आणि तेलातील घटक युरियापासून बनणाऱ्या अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग काही काळ मंदावतात, एवढेच. त्यामुळे पाण्याबरोबर होणारा नायट्रेटचा निचरा व नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचे उत्सर्जन काहीसे घटते. जमिनीवर नुसत्या फेकलेल्या युरियातून उडणारा अमोनिया मात्र तसाच उडत राहतो.

पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) लेपातून पाणी आत झिरपते, युरिया कवचातच विरघळतो आणि ते द्रावण जमिनीच्या तापमानानुसार हळूहळू बाहेर येते. यंत्रणा उत्तमच, पण रिकामी कवचे मागे उरतात. जपानमध्ये भातखाचरांतून ती समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचली, आणि युरोपीय संघाने अशा लेपांना जैवविघटनाचा निकष लावला आहे. गंधकाचा लेप त्या मानाने निर्धोक. शिवाय गंधक पिकाला मिळते. या लेपाला चिरा पडल्या की नत्र एकदम सुटते, हा त्याचा दोष.

खरी अडचण किमतीची वाटते. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी सुमारे २६७ रुपयांना मिळत असताना महागडे लेपित खत कोण घेणार? लेपित खते परवडेपर्यंत युरिया हप्त्याहप्त्याने देणे आणि मातीआड करणे, एवढे तरी करता येते.