जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घसरतो: फ्लायव्हील बदलावे की ग्राइंडिंग करून घ्यावे?

गोदाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. आमच्याकडे 1996 सालचा, तीन सिलिंडरचा आणि दुहेरी क्लचचा ट्रॅक्टर आहे. गंगाखेड तालुक्यातील काळ्या, खोल जमिनीत खरिपाआधीचा रोटाव्हेटर, रब्बीची पेरणी आणि गाळप हंगामात कारखान्यापर्यंत उसाची वाहतूक अशी सगळी कामे त्याच्यावरच चालतात. मागच्या पावसाळ्यापूर्वी एका गॅरेजमध्ये दोन्ही क्लच प्लेटा आणि रिलीज बेअरिंग नवे बसवले, फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागचे जड चाक, ज्यावर क्लच प्लेट टेकते) मात्र कोणी हात लावला नाही. आता भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागलो की इंजिनाचा आवाज चढतो आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. पहिल्या गिअरमध्ये निघताना तो थरथरतो आणि जळका वासही येतो. शिवाय सेल्फ (स्टार्टर) मारताना अधूनमधून नुसती खरखर होते. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर हातभर पुढे ढकलला की मग इंजिन सुरू होते.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की फ्लायव्हील नवीनच घ्यावे, तर शेजाऱ्यांच्या मते पुन्हा प्लेटा टाकल्या म्हणजे काम भागेल. फ्लायव्हीलचा निर्णय कशावरून घ्यावा? आणि हे काम घरच्या शेडमध्ये करता येईल का?

मोंढ्यावरचा मिस्त्री

दादा, ट्रॅक्टर मधून खोलण्याआधी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्याआधी, दोन-तीन गोष्टी उभ्या-उभ्या तपासून घ्या. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की गिअरबॉक्स सुटतो आणि पूर्ण दाबले की पीटीओ (रोटाव्हेटरसारखी अवजारे फिरवणारा मागचा शाफ्ट) सुटतो, त्यामुळे कोणती प्लेट घसरते हे बाहेरूनही समजते. रोटाव्हेटर चालवताना ट्रॅक्टर थांबतो पण पाती फिरत राहतात, तर गिअरबॉक्सची प्लेट घसरत आहे; ट्रॅक्टर चालतो आणि पाती मंदावतात, तर पीटीओची. त्यानंतर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या लोखंडी कवचाच्या) तळाशी जे भोक असते, त्यात खिळा घालून साचलेला चिखल काढा आणि काय ठिबकते ते बोटावर घेऊन पाहा. काळे, पातळ तेल असेल तर ते इंजिनाचे. घट्ट, उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेले. तेल लागलेली प्लेट डिझेलने धुऊन किंवा भाजून परत बसवू नये, कारण लायनिंगमध्ये मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते.

शेडमध्ये काम करता येईल, पण जमीन पक्की, सपाट हवी. या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच सांगाडा असतो आणि पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो. म्हणून ट्रॅक्टर खोलताना अॅक्सल आणि इंजिनाचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये, नाहीतर इंजिन एका अंगाला कलंडते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावावीत आणि वजन नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर घ्यावे. जॅकवर तोललेल्या इंजिनाखाली हात घालणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी माझ्या गॅरेजात उभे करत नाही.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्यानेच पुसावे.

लेथ आणि ग्राइंडिंग, वाळूज

फ्लायव्हीलचा निर्णय ते पुसून उन्हात धरल्यावरच होतो. न पाहता नवीन घ्या किंवा राहू द्या असे सांगणे, दोन्हीही चूक. प्लेट जिथे टेकते त्या पट्ट्यावर निळे-काळे डाग दिसले तर तिथे घसरणीची उष्णता झाली आहे. वरवरच्या, केसासारख्या रेषा ग्राइंडिंगमध्ये निघून जातात. परंतु तडा नखाला अडकण्याइतका खोल असेल किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोचला असेल, तर ते फ्लायव्हील भंगारात द्यावे. तडा गेलेले ओतीव लोखंड वेगात फुटले तर बेल हाउसिंगही त्याला अडवू शकत नाही, आणि तडा वेल्डिंगने भरण्याचा तर विचारही करू नये.

लेथवर फेसिंग करून आणण्यापेक्षा ग्राइंडिंगचा आग्रह धरा. निळ्या डागांच्या जागी लोखंड कडक झालेले असते. लेथची टूल त्यावरून उडी मारते आणि तिथे सूक्ष्म उंचवटा शिल्लक राहतो. निघताना ट्रॅक्टर थरथरतो त्याला असा उंचवटाही कारण असतो. दुसरी बाब बहुतेक जण विसरतात: प्लेट बसते तो पृष्ठभाग आणि क्लचचे कव्हर ज्यावर आवळले जाते तो काठ यांच्या उंचीत कंपनीने ठरवलेला फरक असतो. नुसता आतला पृष्ठभाग घासला तर प्लेट खोल जाते, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्लेटचा) दाब कमी पडतो आणि नवी प्लेटही घसरू लागते. जेवढे आत काढाल तेवढेच काठावरूनही काढले पाहिजे, आणि एकूण जाडी कंपनीच्या किमान मापाखाली जाता कामा नये.

आपल्या सेल्फच्या खरखरीचे कारण रिंग गिअरमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्यात असावे. तीन सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण त्याच तीन ठिकाणी थांबते, म्हणून सेल्फचा पिनियन (छोटा गिअर) नेहमी त्याच दात्यांवर आदळतो आणि तेवढेच दाते झिजतात. फ्लायव्हील काढलेच आहे तर रिंगही बदला. नवी रिंग तेलाच्या भट्टीत किंवा ओव्हनमध्ये सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे घासलेल्या लोखंडावर गवती पिवळा रंग येईपर्यंत गरम करावी आणि थंड फ्लायव्हीलवर बसवावी. गॅसच्या ज्योतीने निळी होईपर्यंत तापवली तर दात्यांचा कडकपणा जातो. दात्यांची उतरती बाजू सेल्फचा पिनियन जिकडून येतो तिकडे हवी. उलटी बसली तर सगळा खटाटोप वाया.

फ्लायव्हील सोडवताना क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य शाफ्टशी) त्याची जागा पंचने खुणावून ठेवा. डिझेल पंपाच्या टायमिंगची खूण बहुधा त्याच्यावरच असते.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. आमच्या मिस्त्रींना सोबत घेऊन ट्रॅक्टर खोलला. पट्ट्यावर निळे डाग आहेत, रेषा बारीक आहेत, तडा नाही. रिंगचे तीन ठिकाणचे दाते खरोखरच बोथट झाले आहेत. क्लचच्या आत काळे, पातळ तेल सापडले, म्हणजे ते इंजिनाचे आहे. फ्लायव्हील ग्राइंडिंगला पाठवत आहे. क्रँकचे मागचे सील बदलले म्हणजे गळती थांबेल का, आणि क्लचच्या कव्हरवरचे लिव्हर (ज्यांना रिलीज बेअरिंग दाबते) कसे सेट करावेत?

मोंढ्यावरचा मिस्त्री

सील बदलण्याआधी इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) उघडून पाहा. तो काजळीने बुजला असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये धूर दाटत असेल, तर आतल्या दाबाने नवे सीलही गळते. जुन्या काही इंजिनांत रबरी सीलऐवजी दोन अर्ध्यांत बसणारे दोरीचे सील असते. ते बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून, घट्ट दाबून, वरची टोके मापात कापावी लागतात.

फ्लायव्हील उतरवलेलेच आहे, तर पहारीने क्रँक हलकेच मागे-पुढे सरकवून खेळ पाहा. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगेत उभे राहताना ड्रायव्हर क्लच दाबून धरतात, त्या रेट्याने थ्रस्ट वॉशर (क्रँकला मागे-पुढे सरकू न देणारे) झिजतात. डायल गेजवर खेळ पुस्तकातल्या मापापेक्षा जास्त निघाला तर वॉशर आत्ताच बदला, पुन्हा ट्रॅक्टर खोलणे परवडणार नाही.

जोडताना पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे टोक ज्यात बसते ते) नवे टाका. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुऊ नका, त्यातले ग्रीस वाहून जाते. प्लेटा मध्यावर आणण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट उत्तम डमी ठरतो. कव्हरचे बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे करून आवळावेत. सगळे लिव्हर एकाच उंचीवर हवेत. एखादा जरी उंच राहिला तर बेअरिंग एका बाजूने टेकते, आणि प्लेट नवी असली तरी थरथर जात नाही. उंचीचे माप आपल्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावे, अंदाजाने नव्हे.

पेडलचा मोकळा खेळ साधारण 25 मिलिमीटर ठेवा. सुरुवातीचे काही दिवस रिकामी ट्रॉली किंवा हलकी पाळी अशीच कामे घ्या. लायनिंग बसताना हा खेळ आपोआप कमी होत जातो, म्हणून पहिल्या पन्नास तासांनंतर तो पुन्हा मोजून लावा आणि त्यानंतरच रोटाव्हेटर जोडा.