तळघराचा मुरूम प्लॉटमध्येच जिरवला, तरी रॉयल्टी कशाची?

पाथर्डी फाटा (नाशिकमधला प्लॉटमालक): पार्किंगच्या तळघरासाठी खोदलं. निघालेलं सगळं त्याच प्लॉटच्या मागच्या सखल भागात भरून वर रोलर फिरवला. तरी खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून जितके ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघाले तितक्यावर स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, शिवाय महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड, अशी नोटीस आली. पंचनाम्यात मागच्या भरावाचा शब्दही नाही. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या प्रकरणात सांगितलंय की नुसती माती खोदली म्हणून ती गौण खनिज (रॉयल्टी लागणारी माती, मुरूम, दगड वगैरे) होत नाही, तिचा वापर पाहावा लागतो. जमीन आमची, माती आमच्याच जमिनीत. ही वसुली अन्यायाची आहे.

आडगावकर: तो निकाल पायाच्या खोदाईतल्या साध्या मातीचा. तुम्ही भराव केलाय, आणि 3 फेब्रुवारी 2000 ची केंद्राची अधिसूचना बांधकामातल्या भराव-सपाटीकरणाला वापरलेल्या मातीलाच गौण खनिज ठरवते. तुम्हाला आधार मिळेल तो 2015 च्या नियमदुरुस्तीचा, त्याच प्लॉटवर वापरलेल्या मातीला सूट देणारा. पण सूट मातीला! नाशकात वरची काळी माती संपली की मुरूम, त्याखाली पाषाण. हे दोन्ही गौण खनिजच, खाजगी जमिनीतले असले तरी. आमच्या रस्त्यावरून रात्री डंपर जातात तेव्हा प्रत्येक जण 'प्लॉटमध्येच वापरलं' म्हणतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याची खोदाई आपण सगळ्यांनी पाहिली. सूट सैल केली तर डोंगर राहणार नाहीत.

पाथर्डी फाटा: डोंगर फोडणाऱ्यांवर पाचपट लावा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण मग पंचनाम्यात माती किती, मुरूम किती, दगड किती, हे थरवार लिहा की. अख्खा खड्डा एकाच आकड्यात धरायचा, हे मोजमाप नव्हे. आणि 'पाचपटीपर्यंत' म्हणजे दर वेळी पाचपटच, असं कायदा म्हणत नाही.

आडगावकर: थरवार मोजणीचं पटलं. पण बाहेर काही गेलं नाही, हे तुम्हीच दाखवायचं. खोदण्याआधीची लेव्हल, भरावाची मोजणी, तारखेचे फोटो आहेत का?

कोर्टात जाणारा: दोघांच्याही वादात मुदत निसटतेय. आदेश अजून झाला नसेल तर लेखी खुलासा द्या, भरावाच्या फेरमोजणीची मागणी त्यातच घाला. आदेश झाला असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. भरावावर बांधकाम चढण्याआधी त्यात चाचणीचे खड्डे घेऊन भरलेली माती दाखवा. नंतर ती मोजता येणार नाही.