बाळाचे नाव ‘एमर्सन’ ठेवावे का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. इंग्रजी साहित्याच्या प्रेमापोटी बाळाचे नाव एमर्सन, बायरन किंवा ऑस्टेन ठेवावे, असे पत्नीला वाटते. लेखकाचे आडनाव नाव म्हणून शोभेल का?

उत्तर १ : तिकडे ही प्रथा जुनीच आहे. मात्र कादंबरीकार राल्फ वाल्डो एलिसन यांच्या वडिलांनी निबंधकार राल्फ वाल्डो एमर्सन यांचे आडनाव न घेता ‘राल्फ वाल्डो’ ही नावेच मुलाला दिली, आणि तो मार्ग मला अधिक डौलदार वाटतो.

उत्तर २ : एमर्सन हे नाव तिथे आता मुलींनाच अधिक दिले जाते. ऑस्टेन म्हटल्यावर बहुतेकांना टेक्सासची राजधानी ऑस्टिन आठवेल आणि स्पेलिंग आपल्याला वारंवार दुरुस्त करावे लागेल.

उत्तर ३ : बायरन रुळलेले आहे, कवीच्या प्रेमप्रकरणांविषयी आजी-आजोबांना मात्र सांगू नये!