२६ फुटी आराखडा ताणून लाकडी शिडाची नौका बांधायची आहे, सल्ला हवा

तिसरी_फळी: नमस्कार. प्लायवूड-इपॉक्सीच्या २६ फुटी नौकेचा आराखडा घेतलाय. दोघांनी महिनाभर राहायचं तर आत जागा अपुरी वाटते. विचार असा, की सगळी मापं १० टक्क्यांनी वाढवायची आणि ताठ उभं राहता यावं म्हणून केबिनचं छत आणखी ६ इंच वर घ्यायचं. आजवर एक वल्ह्याची होडी बांधलीय, तेवढाच अनुभव. कशाला हात लावू, कशाला नको?

रंधा: सगळी मापं वाढवू नका हो. लांबी, रुंदी, खोली तिन्ही १.१ पट केल्या की शिडाचं क्षेत्रफळ होतं १.२१ पट, पण नौकेचं वजन १.३३ पट आणि कलल्यावर सरळ होण्याचा जोर १.४६ पट. म्हणजे वजनाच्या मानानं शीड तोकडं, आणि डोलकाठीच्या तारांवर ताण मात्र वाढलेला. ही दुसरीच नौका झाली, तिचा हिशेब कुणीच केलेला नाही.

लांबीच हवी असेल तर नौकेला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींमधलं अंतर सारख्या प्रमाणात वाढवा, चौकटी आहेत तशाच ठेवा. मग वजनही साधारण त्याच प्रमाणात वाढतं. तरी डिझायनरला विचाराच, एक पत्र टाकायला काय जातं! वेगासाठी मात्र हा उपद्व्याप नको. पाण्यावरची लांबी २२ ची २४.२ फूट केली तरी हलचा वेग, म्हणजे नौकेच्या सांगाड्याला पाण्यात साधारण गाठता येतो तो कमाल वेग, ६.३ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेमतेम ६.६ वर जातो.

ओलं_लाकूड: छताचा गाढवपणा मी करून बसलोय. ५ इंच वर घेतलं. मग बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, छताला घासायला लागला म्हणून तोही वर, म्हणजे शीडही वर. आता जरा वारा वाढला की सगळ्यांच्या आधी मी शीड गुंडाळून लहान करतो, आणि नांगरावर ती उंच भिंत वाऱ्याला धरून नौकेला इकडून तिकडे फिरवते. उभं राहायला येतं, हे खरं. पण केबिनमध्ये माणूस बसतो, नाहीतर झोपतो. चुलीपाशी वरचं सरकतं झाकण मोठं करा, तेवढं पुरतं. आणि लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याची खऱ्या मापाची केबिन करून तिच्यात एक संध्याकाळ काढा.

दर्यावर्दी: आराखडा बदलणं म्हणजे पापच, असं नाही. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी 'सुहैली' ही विल्यम अॅटकिनच्या 'एरिक' आराखड्यावरची, आणि 'एरिक'चं मूळ कॉलिन आर्चरच्या नॉर्वेतल्या बचावनौकांत. तिच्यातून ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. फक्त एक लक्षात घ्या, आर्चरच्या नौका छोट्या करणारा अॅटकिन स्वतः डिझायनर होता. आणि वाटेत फळ्यांची सांध गळायला लागली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांना पाण्याखाली जाऊन तिच्यावर तांब्याची पट्टी ठोकावी लागली होती.

रंधा: ती सांध प्लायवूडमध्ये नसते, पण प्लायच्या कडा असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्टचं भोक आधी मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीनं भरा, वाळल्यावर त्यातून पुन्हा पाडा. इपॉक्सीवर तेलकट थर येतो तो आधी पाण्यानं धुवा, मग घासा; उलटं केलंत तर तो आतच घासला जातो. पितळी स्क्रू नकोत, खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि उरतो तो भुगा. सिलिकॉन ब्राँझ घ्या.

तिसरी_फळी: सर्वांचे आभार. पुठ्ठ्याची केबिन उभी केली. बायको म्हणाली, "उभं राहायचंय ते चुलीपाशी, आणि चुलीपाशी तूच असणार आहेस." तेव्हा छत आहे तिथेच, झाकण मोठं. लांबी ६ टक्के वाढवायला डिझायनर तयार आहे, पण त्यानं इंजिनचं वजन विचारलंय. मूळ आराखड्यात मागे टांगायची मोटर आहे. मी आत डिझेल इंजिन बसवणार आहे, ते इथं लिहायचं राहिलंच.

ओलं_लाकूड: अहो, ते सगळ्यात आधी सांगायचं!